पृथ्वी फिरते म्हणून मुंबई लवकर येते का?

हिंगणघाट, वणीकडच्या गावांत पारावर वर्षानुवर्षे सांगितले जाते की, पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे नागपूरहून पश्चिमेला निघालेल्या विमानापुढे मुंबई आपोआप सरकत येते आणि प्रवास लवकर संपतो. ही समजूत चुकीची आहे. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने फिरते. हवा तिच्यासोबत फिरत नसती, तर मुंबईहून ताशी ८०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे निघालेले विमान नागपूरपासून मागेच पडत गेले असते, आणि जमिनीवर सतत त्याच वेगाचा वारा आदळून आपल्या शेतांत कपाशीचे एकही झाड उभे राहिले नसते. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर असून ते जाताना-येताना सारखेच आहे. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे त्या दिवसांत पारावरच्या गोष्टीच्या नेमके उलट, मुंबईहून नागपूरला येणारे विमानच सहसा कमी वेळ हवेत असते. तिकिटावरच्या वेळेवरून मात्र हे कळत नाही, कारण तीत विमान धावपट्टीपर्यंत नेण्याचा आणि उतरण्यासाठी थांबण्याचा वेळही धरलेला असतो.