डब्लिनमधील १४, हेन्रिएटा स्ट्रीट: सरदाराच्या घरापासून शंभर माणसांच्या बिऱ्हाडांपर्यंत

डब्लिनच्या उत्तर भागातील हेन्रिएटा स्ट्रीट हा रस्ता ल्यूक गार्डिनर या जमीनविकासकाने १७२०च्या दशकात आखला आणि आयर्लंडच्या संसदेशी संबंधित उमराव व बिशप तेथे राहू लागले. क्रमांक १४चे घर १७४०च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या दोन घरांबरोबर बांधले गेले. सरदार रिचर्ड मोल्सवर्थ हे त्याचे पहिले रहिवासी. जॉर्जियन (ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळातील) शैलीतील नगरगृहांच्या रीतीप्रमाणे त्याचा दर्शनी भाग साध्या विटांचा असून सारे वैभव आत होते: उंच छतांचे दिवाणखाने, गिलाव्यातील नक्षी आणि दोन मजल्यांची उंची व्यापणारे, भव्य जिन्याचे प्रवेशदालन. नोकरांची ये-जा मागच्या अरुंद जिन्याने होई.

१८०१मध्ये ब्रिटनशी एकीकरण होऊन डब्लिनची संसद संपुष्टात आली आणि उमरावांना राजधानीत घर ठेवण्याचे मुख्य कारण उरले नाही. पुढे आयर्लंडमधील १८४०च्या दशकातील महादुष्काळात कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या मालमत्ता विकण्यासाठी १८४९च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यायालयाचे काम याच घरातून चालले. म्हणजे जमिनीच्या ज्या खंडाच्या (भाड्याच्या) उत्पन्नावर असे दिवाणखाने सजले, त्या व्यवस्थेचा लिलाव अशाच एका दिवाणखान्यात झाला.

१८७०च्या दशकात थॉमस व्हान्स या मालकाने घराची १९ बिऱ्हाडे केली. अधिक खोल्या मिळाव्यात म्हणून त्याने तो भव्य जिनाच काढून टाकला. माझ्या मते या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे हा नाहीसा झालेला जिना, कारण घराचा मोठेपणा ज्या मोकळ्या जागेत होता, तीच जागा भाड्याच्या हिशेबात वाया जात होती. नोकरांचा जिना मात्र टिकला. १९११च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसांची नोंद आहे.

शेवटची कुटुंबे १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली. डब्लिन नगर परिषदेने दीर्घकाळ चाललेल्या जतनकार्यानंतर २०१८मध्ये येथे संग्रहालय उघडले. घर केवळ १७५०च्या रूपात परत नेण्याचा मोह टाळला गेला, हे मला फार मोलाचे वाटते: वरच्या दालनांतील जॉर्जियन नक्षी राखताना बिऱ्हाडकरूंच्या काळात भिंतींना दिलेला गेरूसारखा लाल आणि कपड्यांच्या निळीचा निळा रंगही तसाच जपला आहे.