वापरलेल्या फेरिक क्लोराइडसाठी प्राधिकारपत्र: कोणाला लागतं आणि अर्ज कसा करायचा

पीसीबीचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांचं) छोटं वर्कशॉप चालवणारे नेहमी विचारतात, "वापरलेल्या फेरिक क्लोराइडचे आमचे महिन्याला दोन कार्बॉय (मोठे कॅन) निघतात, आम्हाला कशाला परवाना?" लागतो, त्यालाच प्राधिकारपत्र म्हणतात. घातक कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत इलेक्ट्रॉनिक उद्योगाखाली ३१.२ क्रमांकावर वापरलेली एचिंग रसायनं आहेत, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवून काढणारी; फेरिक क्लोराइड त्यातलंच. कचरा थोडा म्हणून सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीत सवलत मिळाली ती ज्यांना पाणी आणि हवा कायद्यांखालची संमतीच लागत नाही त्यांना, आणि त्यांनीही कचरा अधिकृत ठिकाणीच द्यायचा आहे.

एवढी काळजी तांब्यासाठी. फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बोर्ड सोडला की तपकिरी द्रावण हळूहळू हिरवट होतं, कारण बोर्डावरचं तांबं क्युप्रिक क्लोराइड होऊन त्यात उतरतं. ते मोरीत ओतलं तर सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात, ओढ्यात गेलं तर मासे. सोडा घालून आम्ल मारलं तरी तांबं गाळात बसतं, आणि तो गाळही घातक कचराच असतो.

म्हणून अर्जाआधी हा कचरा घेणारा ठरवा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. द्रावणातून तांबं काढणारा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र असलेला उद्योग मिळाला तर माझ्या मते तोच चांगला.

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर, फॉर्म १ मध्ये. संमती आणि प्राधिकारपत्र एकत्र मागता येतं. जागेचा कागद (एमआयडीसीचं वाटपपत्र किंवा भाडेकरार), उद्यम प्रमाणपत्र, भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला, प्रक्रियेचा आराखडा, असल्यास आधीची संमतीपत्रं आणि विल्हेवाट केंद्राचं सभासदत्व हाताशी ठेवा. नूतनीकरणाला अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवालही लागतो. कचऱ्याचा आकडा अंदाजाने लिहू नका. वर्षभराची खरेदीची बिलं काढा आणि त्यावरून हिशेब मांडा, कारण पुढे प्रत्येक कागद याच आकड्याशी जुळवला जातो. नियमाप्रमाणे मंडळाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, प्राधिकारपत्राची मुदत ५ वर्षांची.

साठवण प्लास्टिकच्या कार्बॉयमध्येच. आम्ही एकदा रात्रभर स्टीलच्या बादलीत ठेवलं, तर सकाळी तळाला भोक आणि फरशीवर कधीच न गेलेला डाग. नव्या फेरिक क्लोराइडचे पिवळसर खडे ३७ अंशांना वितळतात, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पिशवीतच पाणी होतं, तेव्हा सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निर्जल पावडर पाण्यात पडली की खूप तापते, म्हणून ती थोडी थोडी करून पाण्यात घाला, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच.

कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. कार्बॉयवर फॉर्म ८ चं लेबल, गाडी निघताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद), रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये. वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत.