कासिके दे रामोस
ब्राझीलमधील रिओ दी जानेरो शहराचा नामांकित मेळा, सांबा या तिथल्या नाचगाण्याचा. कार्निव्हलमध्ये रस्त्यावर गात-नाचत निघणाऱ्या अशा मेळ्याला पोर्तुगीजमध्ये ‘ब्लोको’ म्हणतात. स्थापना २० जानेवारी १९६१, म्हणजे शहराचे रक्षक संत सेबास्तियन यांच्या सणादिवशी. शहराच्या उत्तरेकडील रामोस भागातल्या ओळखीपाळखीच्या कुटुंबांनी तो उभा केला. ‘कासिके’ म्हणजे आदिवासींचा नायक. संस्थापकांतल्या उबिराजारा, उबिरानी या भावांची नावेही आदिवासी भाषेतल्या वळणाची.

सांबा स्कूल म्हणजे शाळा नव्हे, कार्निव्हलच्या स्पर्धेत उतरणारे मंडळ. त्याचे संचलन परीक्षकांपुढे, गुणांसाठी असते. ब्लोकोचे तसे नाही. ठरलेला आदिवासी पेहराव चढवला की माणूस मेळ्यात सामील. काळा, पांढरा आणि लाल हे कासिकेचे रंग. कातुंबी भागातला ‘बाफो दा ओन्सा’ (१९५६) हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी; रिओ ब्रांको हमरस्त्यावर दोघांत चुरस असे.

पण या मेळ्याचे खरे कर्तृत्व मिरवणुकीबाहेरचे आहे. ओलारिया भागातल्या त्याच्या आवारात चिंचेचे झाड आहे. हो, आपलीच चिंच. पोर्तुगीज ‘तामारिंदो’ हा शब्दही अरबीतल्या ‘हिंदी खजूर’वरून आला. मेळ्याची माणसे हे झाड पवित्र मानतात. १९७० च्या दशकात दर बुधवारी फुटबॉल, जेवण आणि मग झाडाखाली सांब्याची बैठक असा बेत रंगे. टेबलाभोवती बसून गायचे म्हणजे मिरवणुकीतले दणदणीत ढोल नकोत. म्हणून बैठकीतल्या सेरेनो या वादकाने मोठ्या ढोलाऐवजी हाताने वाजणारा ‘तांता’ आणला आणि उबिरानीने हातानेच वाजवायचा ‘रेपिके दे मांव’ हा ढोल घडवला. कावाकिन्यो या चिमुकल्या गिटारीचा आवाज गलक्यात बुडे. आल्मिर गिनेतो या वादकाने बँजोला तिचीच मान बसवून तोही प्रश्न सोडवला.

आल्सिर पोर्तेला या फुटबॉलपटूने गायिका बेथ कार्वाल्यो यांना तिथे नेले. त्यांनी या वादकांना १९७८ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. त्यातले झोर्जे आरागांव, दिदा व नेओसी यांचे ‘व्हो फेस्तेजार’ हे गीत गाजले. याच बैठकीतून ‘फुंदो दे किंताल’ (परसदार) हा गट निघाला आणि बैठकीतल्या सांब्याची ‘पागोदे’ ही शैली देशभर पसरली. झेका पागोदिन्यो, आर्लिंदो क्रूझ हे गायकही या चिंचेखालचेच.

२०१२ मध्ये मांगेइरा सांबा स्कूलने कार्निव्हलसाठी कासिके हाच विषय घेतला. गुणांशी देणेघेणे नसलेला मेळा परीक्षकांपुढे गेला तो असा.