डॅशच्या आधी की डॅशच्या नंतर? उबुंटू-मिंटचे जीए आणि एचडब्ल्यूई कर्नल

२०२४ च्या जानेवारीत सांगलीहून मामांचा फोन. "अरे, ते खालचं ढालीचं चिन्ह दाबून अपडेट केलं आणि वायफाय गेलं. दुसरं काहीही केलं नाही मी." मामांकडे जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट २१ (उबुंटूवर बेतलेली लिनक्स प्रणाली), आणि वायफायसाठी मागे खोचलेला एक यूएसबी डोंगल. गंमत म्हणजे त्याच महिन्यात माझ्या लॅपटॉपवर, उबुंटू २२.०४ वर, कर्नलचं (म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधल्या लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट आलं आणि माझं व्हर्च्युअल मशीन उघडेना. तक्रार दोघांची एकच: कर्नल अपडेट झालं आणि बिघडलं. झालं होतं मात्र वेगवेगळं.

मामांना टर्मिनल उघडून चालू कर्नलचा आकडा सांगणारी आज्ञा द्यायला सांगितली: यूनेम, मग स्पेस, मग हायफन, मग आर, एंटर. मामा एकेक आकडा वाचत गेले: "पाच पॉइंट पंधरा पॉइंट शून्य डॅश ब्याण्णव डॅश जेनेरिक." आदल्या दिवशी तिथे डॅशनंतर एक्याण्णव होतं. माझ्याकडे काय झालं होतं? ६.२.०-३९ जाऊन ६.५.०-१४ आलं होतं.

सगळी मेख त्या पहिल्या डॅशमध्ये आहे. त्याच्या आधी असते कर्नलची मालिका: ५.१५, ६.२, ६.५. (उबुंटूत तिसरा आकडा कायम शून्यच दिसतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.) डॅशनंतरचा आकडा उबुंटूवाल्यांचा स्वतःचा. त्या मालिकेतल्या चुका सुधारून, सुरक्षेची छिद्रं बुजवून नवं पॅकेज काढलं की तो वाढतो. म्हणजे डॅशनंतरचा आकडा बदलला तर घर तेच, फक्त डागडुजी झाली. आधीचा बदलला तर बिऱ्हाडच हललं. अपडेट मॅनेजर दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो, म्हणून माणसं गोंधळतात.

आता जीए आणि एचडब्ल्यूई. जीए म्हणजे जनरल अव्हेलेबिलिटी. एलटीएस (पाच वर्षं अपडेट मिळणारी) आवृत्ती ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी तिच्यात जो कर्नल होता, तो. २२.०४ साठी ५.१५, २४.०४ साठी ६.८. जीएच्या रांगेत उभं राहिलं की पाचही वर्षं मालिका तीच राहते आणि फक्त डॅशनंतरचा आकडा वाढत जातो. एचडब्ल्यूई म्हणजे हार्डवेअर एनेबलमेंट. यात एलटीएस तीच ठेवून कर्नल मात्र दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या मधल्या उबुंटू आवृत्त्यांमधून उचलला जातो. २२.०४ वर आधी ५.१९ आला, मग २३.०४ मधला ६.२, २३.१० मधला ६.५ आणि शेवटी २४.०४ चा ६.८. तिथे बिऱ्हाड हलणं थांबलं, कारण जुन्या एलटीएसचा शेवटचा एचडब्ल्यूई कर्नल म्हणजेच पुढच्या एलटीएसचा जीए. २४.०४ ची गाडीही याच वाटेने निघाली: ६.८ वरून ६.११, मग ६.१४.

एचडब्ल्यूईवर डागडुजी होत नाही असं मात्र नाही. तिथे दोन्ही होतं. जीएवर फक्त डागडुजी होते, एवढाच फरक.

"पण मी तर एलटीएस बसवलंय, म्हणजे माझा कर्नल पाच वर्षं तोच राहणार ना?" हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. उबुंटू डेस्कटॉपच्या इन्स्टॉलरने २०.०४ पासून एचडब्ल्यूईची रांग धरली आहे. सर्व्हरचा इन्स्टॉलर जीए देतो. तुम्ही काहीच निवडलेलं नसतं, तरी एका सकाळी ६.५ दिसतो. मिंटची चाल आणखी वेगळी. मिंट २१ जीएला, म्हणजे ५.१५ ला चिकटून होतं आणि नव्या हार्डवेअरवाल्यांसाठी वेगळी 'एज' आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) काढत असे. मिंट २२ आलं तेव्हा त्यांनी धोरण बदललं आणि पुढच्या उप-आवृत्त्यांत एचडब्ल्यूई घ्यायचं ठरवलं. २२.२ मध्ये ६.१४ आला तो त्यामुळेच. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण मामांसारख्यांना कुणी समजावून सांगितलं नाही.

आणखी एक जवळचं नाव घोटाळा करतं. कर्नल डॉट ऑर्गवर, म्हणजे मूळ कर्नलवाल्यांच्या साइटवर, काही मालिकांपुढे 'लाँगटर्म' लिहिलेलं असतं: ५.१५, ६.१, ६.६, ६.१२. उबुंटूच्या जीएशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ५.१५ दोन्हीकडे आहे, तो योगायोग समजा. ६.८ ला मूळ कर्नलवाल्यांनी २०२४ च्या मे महिन्यातच रामराम ठोकला. २४.०४ वर तो वर्षानुवर्षं चालतो, कारण उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची माणसं त्याची दुरुस्ती स्वतः करतात. त्यामुळे 'तुमचा कर्नल मेलेला आहे' असं कुणी ऐकवलं तर घाबरू नका. त्याने चुकीचा तक्ता पाहिलाय.

आता मामांचं वायफाय का गेलं? डॅशनंतरचाच आकडा तर बदलला होता. उत्तर त्या डोंगलमध्ये. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. कुठल्याशा ओळखीच्या मुलाने सोर्स कोड उतरवून, 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' करून तो हाताने बसवला होता. अशा वेळी तयार झालेली फाइल त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलच्या मॉड्यूलच्या (कर्नलला जोडायच्या तुकड्यांच्या) फोल्डरात जाऊन बसते, आणि त्या फोल्डराचं नाव असतं ५.१५.०-९१-जेनेरिक. ९२ आला तो स्वतःचं नवं फोल्डर घेऊन, आणि त्यात डोंगलचा ड्रायव्हर नव्हताच. जुना ९१ मात्र जागेवरच होता, कारण उबुंटू-मिंटमध्ये नवा कर्नल जुन्यावर लिहिला जात नाही, शेजारी मांडला जातो. मामांना मशीन रिस्टार्ट करून शिफ्ट दाबून धरायला सांगितलं (नव्या मशीनवर एस्केप लागतं), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ९१ निवडायला लावला, आणि वायफाय हजर. "जादू केलीस की रे," मामा म्हणाले. जादू कसली, जुन्या घराची किल्ली खिशात होती.

कायमचा उपाय म्हणजे डीकेएमएस. ड्रायव्हरचा सोर्स त्याच्या हवाली केला की दर नव्या कर्नलसोबत तो ड्रायव्हर पुन्हा बांधून देतो. त्याला कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) मात्र लागतात. 'लिनक्स-जेनेरिक' हे मेटापॅकेज (दुसरी पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) असेल तर कर्नल आणि हेडर्स जोडीने येतात. कुणी शहाणपणा करून नुसतं 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' ठेवलं असेल तर हेडर्स येत नाहीत, डीकेएमएस हातावर हात ठेवून बसतं आणि पुन्हा सांगलीहून फोन येतो.

माझ्या लॅपटॉपवर डीकेएमएस होतं, हेडर्सही होते. तरी व्हर्च्युअल मशीनचा मॉड्यूल बांधताना कंपायलरने लाल ओळींचा पाऊस पाडला आणि एपीटीने (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) पॅकेज अर्धवट बसल्याची कुरकुर केली. याचं कारण मालिका बदलण्यात आहे. कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळतो. तुमचा ब्राउझर, तुमचं ऑफिस ५.१५ वर चाललं तर ६.८ वरही चालतं. पण कर्नलच्या पोटातल्या फंक्शन्सबद्दल असा कुठलाच शब्द दिलेला नाही. दोन मालिकांच्या दरम्यान त्यांची नावं बदलतात, जास्तीचा आर्ग्युमेंट येतो, एखादं काढूनच टाकतात. कर्नलच्या आतले ड्रायव्हर त्याच वेळी सुधारले जातात. बाहेरचे मागे राहतात, आणि ज्याने ते लिहिले तो जागा होईपर्यंत तुम्ही थांबायचं. मी आठवडाभर ६.२ वर बूट करून काम भागवलं. मॉड्यूलची नवी आवृत्ती आली, मग ६.५ वर गेलो.

म्हणजे मामांचा बिघाड डागडुजीतला होता आणि डीकेएमएसने तो सुटला. माझा बिऱ्हाड हलवतानाचा, तिथे डीकेएमएसही हरलं. मी जीएवर असतो तर तो प्रसंग आलाच नसता.

मग सगळ्यांनीच जीएवर का राहू नये? नवा लॅपटॉप घेतलेल्याला विचारा. अलीकडच्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं ८८५२बीई हे वायफाय कार्ड असतं. त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.२ ला आला. २२.०४ च्या जीए कर्नलला, ५.१५ ला, हे कार्ड ओळखताच येत नाही. वायफायचं चिन्हच दिसत नाही, आणि माणूस फोनचं नेट केबलने जोडून ड्रायव्हर शोधत बसतो. तेच एचडब्ल्यूईचं ६.२ किंवा पुढचं काही असेल तर काहीही न करता चालतं. साधा हिशेब असा की मशीन एलटीएसपेक्षा जुनं असेल तर जीए पुरतं. एलटीएस निघाल्यानंतर बाजारात आलेलं असेल तर एचडब्ल्यूई घ्या, हुज्जत घालू नका. एक अपवाद: मशीनमध्ये जीटी ७१० सारखं जुनं एनव्हिडिया कार्ड असेल, तर ते ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर अडकलेलं आहे, आणि एनव्हिडियाने त्या मालिकेची साथ २०२४ मध्ये सोडली. तिथे दर नवी कर्नल मालिका म्हणजे नवा जुगार. अशांनी जीए धरावा.

'नवा कर्नल म्हणजे जास्त सुरक्षित' हाही एक समज आहे. २०२२ च्या मार्चमध्ये डर्टी पाइप नावाचं छिद्र उघड झालं. साध्या वापरकर्त्याला फक्त वाचायची मुभा असलेल्या फाइलीत लिहिता यायचं, आणि तिथून रूट (मशीनचा सर्वाधिकारी) व्हायला वेळ लागत नसे. ते छिद्र ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होतं. उबुंटू २०.०४ चा जीए होता ५.४, त्याला धक्काही लागला नाही. त्याच २०.०४ वर एचडब्ल्यूईवाले ५.१३ वर होते, त्यांना घाईने पॅच घ्यावा लागला. उलट घडणाराही काळ येतो; जुन्या कोडमध्येही वर्षानुवर्षं दडलेली छिद्रं सापडतात. सुरक्षा मालिकेच्या वयावर नाही, डॅशनंतरचा आकडा वेळच्या वेळी वाढतोय की नाही यावर असते. म्हणून कर्नल 'होल्ड' करून, म्हणजे त्याची अपडेट्स अडवून, ठेवणारे दिसले की माझी चिडचिड होते. बिऱ्हाड हलवायचं नसेल तर जीएची रांग धरा. होल्ड लावून डागडुजीही कशाला थांबवता?

एचडब्ल्यूईवर आणखी एक गोष्ट जमत नाही: मधल्या थांब्यावर उतरणं. "मला ६.२ आवडला, मी इथेच राहतो" म्हणालात तर पुढची मालिका आल्यावर ६.२ साठी पॅच येणं थोड्याच दिवसांत बंद होतं.

रांग बदलायची कशी? एचडब्ल्यूईकडे जाणं एका ओळीचं काम आहे: 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' हे पॅकेज बसवा, रिस्टार्ट करा. परत फिरताना बहुतेक जण फसतात. ते 'लिनक्स-जेनेरिक' बसवतात, रिस्टार्ट करतात आणि यूनेम पुन्हा एचडब्ल्यूईचाच कर्नल दाखवतो. कारण ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम) यादीतला सर्वात मोठ्या आकड्याचा कर्नल उचलतो, आणि दोन्ही मेटापॅकेजं मशीनवर असतील तर एचडब्ल्यूईचा आकडा नेहमी मोठा. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी लिनक्स-जेनेरिक बसवा. मग ग्रबमधून ६.८ निवडून बूट करा, आणि वायफाय, आवाज, स्क्रीनचा प्रकाश, झाकण बंद करून उघडणं हे सगळं तपासा. ते नीट चाललं की एचडब्ल्यूईचं मेटापॅकेज आणि त्याच्या कर्नलची पॅकेजं काढा. चालू असलेला कर्नल काढायला गेलात तर एपीटी इशारा देतं. तो आला की हात मागे घ्या, कारण तुम्ही चुकीच्या कर्नलवर बसून साफसफाई करताय.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हे सगळं करण्याआधी बूट विभागात जागा किती उरली ते पाहा. तो विभाग वेगळा आणि लहान असतो. प्रत्येक कर्नलमागे एक इनिटआरडी फाइल (मशीन सुरू होताना लागणारी) तिथे जाते, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर ती चांगलीच फुगते. दोन रांगांचे कर्नल एकत्र नांदायला लागले की जागा संपते आणि नवा कर्नल अर्ध्यावर अडकतो. आधी 'ऑटोरिमूव्ह' चालवून जुने कर्नल काढा. चालू असलेला आणि सर्वात नवे ते स्वतःच वगळतं.

मामांचा ड्रायव्हर मी दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा डीकेएमएसमध्ये घातला. मशीन २०१५ च्या आसपासचं, म्हणून जीएच ठेवला. आता अपडेट झालं की मामा स्वतःहून मेसेज करतात. त्यात फक्त डॅशनंतरचा आकडा असतो.