पोटात पाय, पायाखाली शेंबूड

"आभाळातूनच पडल्यात. दुसरं काय?" बांधावर उभं राहून आप्पांनी निकाल दिला. आप्पा माझे थोरले चुलते, औसा तालुक्यातली आमची शेती तेच बघतात. "परवा रानात एक न्हवती. रातीतून पाऊस झाला आन् सकाळी येऊन बगतो तर हे असं."

हे असं म्हणजे सोयाबीनच्या तासा-तासांत पडलेले तपकिरी शंख. कोवळी रोपं नुकती जमिनीतून मान वर काढत होती. त्यांची पानं गायब, नुसती देठं उभी. 2022 चा खरीप लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतले शेतकरी सहजी विसरणार नाहीत. शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन इतकं खाल्लं की कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्यानंतर दरवर्षी मृग लागला की फोनवर तेच दोन संदेश फिरू लागतात. एक, गोगलगायी पावसाबरोबर वरून पडतात. दुसरा, शेतात मीठ फेका. पहिला नुसताच चुकीचा आहे, दुसरा चुकीचाही आहे आणि महागातही पडतो.

आधी आभाळाचं बघू. ही गोगलगाय उन्हाळाभर तुमच्याच शेतात असते. बांधाच्या कडेला, दगडांच्या ढिगाखाली, काडीकचऱ्यात किंवा वीतभर मातीत ती स्वतःला पुरून घेते. अंग शंखात ओढते आणि शंखाच्या तोंडावर चुनखडीयुक्त पांढरा पडदा धरते. हातात घेतलं तर वाटतं, कुणीतरी प्लॅस्टरनं तोंड लिंपून टाकलंय. हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचा खर्च जवळपास बंद होतो. अशी ती कित्येक महिने पडून राहू शकते. जमिनीत ओल उतरली की पडदा सोडून सगळ्या एकाच रात्री बाहेर येतात. सगळ्यांना जाग एकदम येते, म्हणून त्या "पडल्या"सारख्या वाटतात. आणि मुठीएवढा शंख ढगातून पडला असता तर आप्पांच्या गोठ्यावरच्या पत्र्याला त्या रात्री पोचे आले असते. एकही आला नव्हता. हेही मी सांगून पाहिलं. आप्पांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि विषय बदलला.

मला या प्राण्याचं वेड लागलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण दिसायला गरीब पण आतून पोचलेल्या माणसासाठी वापरतो. तिच्यातलं प्राणिशास्त्र मात्र अक्षरशः खरं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यानं 1795 मध्ये या प्राण्यांच्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा हे नाव दिलं. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पोडा म्हणजे पाय. आपल्या पाठ्यपुस्तकांत याचंच उदरपाद झालं. पॅरिसच्या विद्वानाला आणि आमच्या आजीला एकच गोष्ट दिसली.

पण पाय एकच, हा खरा पेच आहे. चालणं म्हणजे जमिनीला मागे ढकलणं. न्यूटनचा तिसरा नियम आठवीत-नववीत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. आपण एक पाय रोवतो, दुसरा उचलतो. रोवलेला ढकलतो, उचललेला पुढे जातो. एकच पाय असेल आणि तोही सबंध जमिनीला चिकटलेला असेल, तर रोवायचं काय आणि उचलायचं काय? चिकटून राहिली तर ती हलणार नाही. निसटती झाली तर जागच्या जागी घसरेल आणि भिंतीवर असली तर खाली येईल. तिला एकाच वेळी घट्टही चिकटायचं असतं आणि सरकायचंही असतं.

हे बघायचं असेल तर एक काचेची बरणी घ्या. मी रबरी मोजे घालून एक मध्यम आकाराची गोगलगाय बरणीत सोडली. ती काचेवर चढू लागली तशी बाहेरून बॅटरी धरली. तिच्या तळव्यावर गडद आणि फिकट आडवे पट्टे दिसतात. ते शेपटीकडून डोक्याकडे सरकत जातात, एकामागून एक, न थांबता. हुरड्याच्या दिवसांत वाऱ्याची झुळूक ज्वारीच्या रानावरून जाते ना, तसे. पट्टे भराभर पुढे पळतात आणि गोगलगाय त्यांच्यामागून सावकाश, मिनिटाला चार-पाच सेंटिमीटर. अर्धा तास मी तेच बघत बसलो. चहा गार झाला.

लग्नाच्या मांडवात मोठं जाजम थोडं पुढे सरकवायचं असलं तर अख्खं ओढत नाहीत, कारण ओढलं जात नाही. मागच्या टोकाला एक घडी उठवतात आणि ती पायानं ढकलत पुढच्या टोकापर्यंत नेतात. घडी पुढे पोचली की जाजम तेवढं सरकलेलं असतं. कोणत्याही क्षणी हलते ती फक्त घडी, बाकीचं जाजम जमिनीला धरून असतं. गोगलगायीच्या तळव्यावरचा प्रत्येक पट्टा म्हणजे स्नायूंची अशी एक घडी. पट्ट्यातला भाग पुढे सरकत असतो आणि दोन पट्ट्यांमधला भाग रोवलेला असतो. फरक इतकाच की जाजमाची घडी हवेत उचलली जाते, गोगलगायीचा तळवा जमीन सोडत नाही. मग पट्ट्याखालचा भाग सरकतो कसा? आणि शेजारचा, दोन-चार मिलिमीटरवरचा भाग त्याच वेळी चिकटून राहतो कसा?

इथे शेंबूड येतो. दुसरा सभ्य शब्द आहे, श्लेष्म, पण शेतात तो कुणी वापरत नाही.

हा स्राव म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. त्यात थोडेसे लांबलचक प्रथिनांचे धागे असतात. त्यांना साखरेच्या रेणूंच्या फांद्या फुटलेल्या असतात आणि ते एकमेकांत गुंतून जाळं करतात. जाळं शाबूत असेपर्यंत हा पदार्थ घन असतो, खरवसासारखा. बाजूनं थोडं ढकललं तर तो ताणला जातो आणि सोडला की परत येतो. पण ढकलणं एका मर्यादेपलीकडे गेलं की जाळं एकदम तुटतं आणि तोच पदार्थ तेलासारखा वाहू लागतो. ढकलणं थांबलं की क्षणार्धात जाळं पुन्हा सांधतं. घराला रंग देणारा रंगारी हेच वापरतो. ब्रश फिरतो तोवर रंग पातळ, ब्रश उचलला की भिंतीवर जागच्या जागी. दही मात्र इथे चालत नाही, एकदा मोडलं की मोडलं. गोगलगायीचं दही सेकंदाच्या आत पुन्हा लागतं आणि दिवसातून हजारो वेळा लागतं.

मार्क डेनी या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं 1980 मध्ये शंख नसलेल्या गोगलगायीचा, म्हणजे स्लगचा, स्राव उपकरणात घालून हे मोजलं. तळवा आणि जमीन यांच्यामधला थर कागदापेक्षा कितीतरी पातळ असतो. वरचा पृष्ठभाग त्या थराच्या जाडीच्या पाच-सहा पट सरकेपर्यंत स्राव घन राहतो, मग फुटतो आणि वाहतो. आता पट्ट्यांकडे पुन्हा बघा. पट्ट्याखाली स्नायू जोरात सरकतात, तिथला स्राव फुटून वंगण होतो. दोन पट्ट्यांमध्ये हालचाल थांबते, तिथला स्राव सांधून सरस होतो. एकच पदार्थ, एकाच क्षणी, एकाच पायाखाली, पट्ट्यापट्ट्यानं सरस-वंगण-सरस-वंगण. मेंदूचं गणित नाही, वेगळ्या ग्रंथी नाहीत. घट्ट व्हायचं की पातळ, हे तिथल्या ताणानंच ठरतं. ताण, विकृती (म्हणजे ताणानं आकारात होणारा बदल) आणि विकृतीचा दर यांचे आलेख काढून हे फार सुंदर दिसतं, पण एकदा बायकोला ते समजावताना ती मधेच झोपली, म्हणून इथे देत नाही.

डेनीनं आणखी एक हिशेब मांडला. तेवढ्याच वजनाच्या पळणाऱ्या प्राण्याला एवढं अंतर कापायला जी ऊर्जा लागते, तिच्या कित्येक पट या सरपटण्याला लागते आणि त्यातला मोठा वाटा स्राव तयार करण्यात जातो. ऊर्जेपेक्षाही मोठा खर्च पाण्याचा. प्रत्येक पावलाला, पाऊल म्हणता येईल तर, ती अंगातलं पाणी जमिनीवर सांडत जाते. म्हणून ती रात्री फिरते, दवात फिरते, पावसात फिरते आणि ऊन वर आलं की दडते. मराठवाड्यासारख्या पाण्याला महाग मुलखात तिचं वर्षातलं बहुतेक आयुष्य पडदा लावून पडून राहण्यातच जातं. तेव्हा तिच्याशी लढायचं तर तिच्या पाण्याशी लढायचं.

मीठ हेच करतं, नाही असं नाही. ओल्या अंगावर मीठ विरघळतं, बाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा खारट होतं आणि परासरणानं अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर सुटतं तसं. ते धुवायला ती आणखी स्राव सोडते आणि आणखी सुकते. पण हे बादलीत करा. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकल्या तर ठीक. शेतात मीठ फेकलं तर गोगलगाय जाईल एक हंगाम, सोडियम मात्र राहील. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे गठ्ठ्यानं राहतात. सोडियम वाढला की ते गठ्ठे सुटे होतात, मातीतल्या फटी बुजतात आणि पाणी मुरत नाही. चोपण जमीन कशाला म्हणतात हे ज्याच्या वाट्याला ती आली आहे त्याला विचारा. मी पोतंभर मीठ टाकलेला एक बांध पाहिलाय, तिथे आज गवतही धड नाही.

चुन्याच्या भुकटीचा पट्टा बांधाकडेनं ओढतात. कोरडी भुकटी स्राव शोषून घेते आणि तळव्याला झोंबते. गंमत अशी की हिला शंख बांधायला चुना लागतोच, भिंतीची सफेदी खरवडून खाताना तिला मी स्वतः पाहिलंय. पण चुना खाणं वेगळं, चुन्यावरून चालणं वेगळं. एक सर पडली की पट्टा निकामी.

मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारायच्या विषाच्या गोळ्याही शेवटी स्रावावरच घाला घालतात. त्या खाल्ल्यावर गोगलगाय बेसुमार स्राव सोडत राहते आणि सुकून मरते. पण या गोळ्यांत आमिष म्हणून कोंडा असतो आणि तो कुत्र्यालाही आवडतो. आमच्या मोत्यानं बांधावर सांडलेल्या थोड्याशा चाटल्या होत्या. तासाभरात पाय ताठ, अंग थरथर, तोंडाला फेस. बघणाऱ्यानं सांगितलं, "पान लागलंय," म्हणजे साप चावलाय, आणि मंत्र टाकणाऱ्याकडे न्या म्हणून आग्रह धरला. आम्ही गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. मोत्या वाचला. या विषावर नेमका उतारा नाही, झटके थांबवायचे आणि अंग गार ठेवायचं, एवढंच हाती असतं. कोंबड्या आणि शेळ्या मोकळ्या फिरत असतील तिथे गोळ्या टाकूच नका.

आम्ही शेवटी जुन्या उपायावर आलो. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेनं अंथरायची. ओल आणि वास, दोन्हीला त्या येतात. उजाडायच्या आत गोणपाट उलटायचं आणि वेचायचं, मोजे घालूनच. यांच्या अंगात उंदराकडून आलेला एक सूक्ष्म कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. पहिल्या पावसानंतरचे दिवस महत्त्वाचे, कारण प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. मातीत साबुदाण्यासारखे पिवळट दाणे सापडले तर तेही उचला.

याच दिवसांत पुण्याहून पुतणीचा फोन आला. तिनं गोगलगायीच्या स्रावाचं कोरियन सीरम मागवलं होतं, बोटाएवढी बाटली, हजारावर रुपये. आप्पांनी ऐकलं आणि बादलीकडे बघत राहिले. "मंग आपल्या ह्या कुणी घेतंय का, इचार की." नाही घेत. ती जात वेगळी, तो स्राव गाळून शुद्ध केलेला असतो. त्यात पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, त्यामुळे त्वचा ओलसर राहते. तेवढ्यासाठी तारुण्य परत येतं वगैरे म्हणणं म्हणजे ताईत विकण्याचीच नवी तऱ्हा. शेतातली गोगलगाय चेहऱ्यावर फिरवण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नये, कृमीचं वर सांगितलंच आहे.

ही आली कुठून, तर पूर्व आफ्रिकेतून. शंखांचा शौकीन असलेल्या बेन्सन नावाच्या इंग्रजानं 1847 मध्ये मॉरिशसहून दोन जिवंत आणून कोलकात्याच्या चौरंगीत एका बागेत सोडल्या. पुढचा प्रवास कुंड्यांच्या मातीतून, रोपवाटिकेच्या पिशव्यांतून, ट्रकांतून झाला. मायामीत 1966 मध्ये एका मुलानं हवाईहून तीन आणल्या आणि आजीनं त्या परसात सोडल्या. सात वर्षांनी तिथे अठरा हजारांवर सापडल्या. 1975 पर्यंत लागले त्या संपवायला. 2011 मध्ये त्या पुन्हा निघाल्या, तेव्हा वास काढायला शिकवलेले लॅब्राडोर कुत्रे नेमले. आमचा मोत्या ऐकतोय.

शत्रूचा शत्रू आणून सोडण्याची आयडियाही करून झालीय. ताहितीजवळच्या मूरिया बेटावर 1977 मध्ये मांसाहारी गोगलगाय आणली. ती भक्ष्याच्या स्रावाचा माग काढत जाते. तिनं परकी सोडून बेटावरच्या स्थानिक छोट्या गोगलगायींचा माग काढला आणि दहा-बारा वर्षांत त्या तिथल्या रानातून संपवल्या. आपल्याकडे आयता शिकारी आहे, भारद्वाज. आमच्याकडे कुक्कुडकुंभा म्हणतात. तो दिसला की गोडधोड मिळतं म्हणतात. त्याचं मला माहीत नाही, पण तो शंखी गोगलगायी खातो, आणि बांधावरची बोराटी-बाभळीची झुडपं राखली तरच तो राहतो.

आता त्या बरणीतल्या गोगलगायीबद्दल. दिवाळीनंतर बरणी माळ्यावर ठेवली आणि विसरलो. जूनमध्ये काढली तर तळाशी शंख, तोंडाला पांढरा पडदा, हलवला तर आत काही नसल्यासारखा हलका. आप्पांसमोर ओट्यावर ठेवून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. वीस-पंचवीस मिनिटं काहीच झालं नाही. मग पडद्याची कड सुटली, फेस आला आणि हळूहळू शिंगं बाहेर आली, टोकाला डोळे असलेली. आप्पा वाकून बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत.

"वर ठिवली व्हतीस का ही? माळ्यावर?"

"हो."

"मंग वरूनच पडली की," आप्पा म्हणाले आणि मिठाची बादली पुढे सरकवली.