वास नाही म्हणजे गिझर ठीक? अजिबात नाही

थंडी पडली की कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत गॅस गिझरबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: "वास येत न्हाई न्हवं? मग काय होत न्हाई!" हा समज जिवावर बेतणारा आहे.

आपल्या ओळखीचा तो वास एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. गळती झाली तर तो कळतो. पण बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं पित्त झालं. अशा वेळी कडी काढून आधी मोकळ्या हवेत या.

गिझरच्या काचेतून ज्योत बघा. पिवळी, फडफडणारी दिसली किंवा काजळी धरली असेल, तर बर्नर मेकॅनिककडून साफ करून घ्या. निळी असली तरी कोंदट जागेत भरवसा नाही.

गिझर पेटतच नसेल तर ते दुखणं वेगळं आणि बहुतेकदा किरकोळ: सेल उतरलेत, नाहीतर पाण्याला दाब नाही. सेल घरीच बदलता येतात.

खरा उपाय म्हणजे गिझर बाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप घेणं. ते जमेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग अंघोळीला बसा.