हॅरी पॉटरची ‘पहिली आवृत्ती’ इतकी दुर्मीळ कशी झाली?

लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने २६ जून १९९७ रोजी ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ बाजारात आणले, तेव्हा पक्क्या बांधणीच्या जेमतेम ५०० प्रती छापल्या होत्या. त्यांतल्या सुमारे ३०० ग्रंथालयांत गेल्या. लेखिका नवखी, पुस्तक मुलांचे, १०.९९ पौंड मोजून ते घरी कोण नेणार, हा प्रकाशकाचा हिशेब तेव्हा अगदीच रास्त होता. घरच्या वाचकांसाठी त्याच वेळी ४.९९ पौंडांची पेपरबॅक काढली. तिच्या पहिल्या मुद्रणाच्या ५,१५० प्रती होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात पक्क्या बांधणीची एक प्रत ४,७१,००० डॉलरला गेली, त्या आकड्याचे मूळ या सावध हिशेबात आहे.

ग्रंथालयांतल्या प्रती मुलांनी मनसोक्त वाचल्या. शिक्के, तारखांच्या चिठ्ठ्या, कण्यावरचे क्रमांक, वरून चिकटवलेले प्लास्टिक. या पहिल्या मुद्रणाला वेगळे जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावर घालायचे सुटे कागदी वेष्टन, नव्हतेच, चित्र थेट पुठ्ठ्यावर होते. त्यामुळे ते प्लास्टिक ओढून काढू गेले की खालचे लॅमिनेशनही सोलून येते. शिक्के खोडून ‘सुधारलेल्या’ प्रतीपेक्षा सगळ्या खुणा जागेवर असलेली ग्रंथालयाची प्रत केव्हाही बरी.

‘पहिली आवृत्ती’ म्हणताना संग्राहकांना पहिले मुद्रण अभिप्रेत असते आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. कॉपीराइटच्या पानावरचे ‘प्रथम प्रकाशन १९९७’ हे वाक्य पुढच्या मुद्रणांतही तसेच राहते. पाहायची ती त्याच पानावरची आकड्यांची ओळ. १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ अशी पूर्ण ओळ असेल तर मुद्रण पहिले. सर्वांत लहान आकडा ३ असेल तर तिसरे. ही पद्धत छापखान्याच्या सोयीतून आली: दर मुद्रणाला अख्खे पान नव्याने जुळवण्यापेक्षा प्लेटवरचा एक आकडा उडवला की काम भागते.

या ओळीच्या जोडीला आणखी तीन खुणा बघतात. लेखिकेचे नाव कॉपीराइटच्या ओळीत ‘जोॲन रोलिंग’ असे पूर्ण आहे. पान ५३ वरच्या शाळेच्या साहित्याच्या यादीत ‘एक छडी’ दोनदा आली आहे. मलपृष्ठावर ‘फिलॉसॉफर्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा ‘ओ’ गळला आहे. छडीची चूक पुढच्या काही मुद्रणांतही सापडते, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर प्रत विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

दुसरे पुस्तक जुलै १९९८ मध्ये आले, तोवर नाव झाले होते. पक्क्या बांधणीच्या पहिल्या मुद्रणाच्या १०,१५० प्रती निघाल्या. जुलै १९९९ मधल्या तिसऱ्याची गंमत निराळी. छपाई सुरू असताना कॉपीराइटच्या ओळीतले ‘जोॲन रोलिंग’ बदलून ‘जे. के. रोलिंग’ करण्यात आले. जुन्या नावाच्या प्रतींत पान ७ वरचा मजकूर जागेवरून सरकलेला दिसतो. आकड्यांची ओळ दोन्हींत तीच, भाव मात्र पहिल्या प्रकाराचा कितीतरी जास्त.

चौथ्यापासून चित्रच पालटले. २००० साली त्याचे अमेरिकेतले पहिले मुद्रण ३८ लाखांचे होते, २००७ च्या सातव्याचे १ कोटी २० लाखांचे. १९९७ साली अकरा वर्षांचा असलेला वाचक शेवटच्या भागापर्यंत एकवीस वर्षांचा झाला होता. त्याने मध्यरात्री रांगेत उभे राहून घेतलेली प्रत पहिल्या मुद्रणाची असणारच, आणि म्हणूनच तिला दुर्मीळ म्हणता येत नाही. तिची किंमत त्याच्या आठवणीत आहे, बाजारात फारशी नाही. लहानपणीचा संच पूर्ण करायला निघालेल्यांना सगळा खर्च पहिल्या तीन भागांवर करावा लागतो तो यामुळेच.

हे गणित याआधीही घडले होते. टोल्कीनचे ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी निघाले ते १,५०० प्रतींनी. त्याच्या जॅकेटच्या मागच्या घडीवर (पुठ्ठ्याच्या आत दुमडलेल्या भागावर) लुईस कॅरलच्या खऱ्या आडनावात, डॉजसनमध्ये, एक जास्तीचे अक्षर पडले होते. प्रकाशकाने ते हाताने शाईने खोडले. अशी खाडाखोड असलेले जॅकेट लोक शोधत फिरतात. त्या काळी अनेक घरांत जॅकेट पुडक्याच्या कागदासारखे फेकले जाई, म्हणून जॅकेटसह प्रत आणि जॅकेटविना प्रत यांच्या भावात प्रचंड तफावत पडते.

पॉटरच्या अमेरिकी आवृत्तीतही जॅकेटच निर्णायक. तिथे पहिला भाग ‘सॉर्सरर्स स्टोन’ या नावाने आला. कॉपीराइटच्या पानावर ‘पहिली अमेरिकी आवृत्ती, ऑक्टोबर १९९८’ हे शब्द हवेत आणि आकड्यांची ओळ १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी, दोन्ही टोकांकडून आत येणारी. जॅकेटच्या पुढच्या घडीवर १६.९५ डॉलर ही किंमत छापलेली असते. किंमत छापलेलीच नसेल तर बुक क्लबची, म्हणजे सभासद-वाचकांसाठी वेगळी काढलेली, प्रत असण्याचा संशय घ्यावा. भेट देताना कोणी किंमतीचा कोपरा कात्रीने कापला असेल, तर हा पुरावा गेला आणि भावही उतरला. विकणाऱ्याकडून कॉपीराइटचे पान, जॅकेटच्या दोन्ही घड्या आणि कणा यांचे स्पष्ट फोटो आधी मागवावेत. मुखपृष्ठाच्या फोटोवरून मुद्रण कळत नाही.